अजून ओलं आहे

बांधून झालेलं पुस्तक तो गालाला लावायचा. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, चांगले दहा-बारा सेकंद. मग पुस्तक पुन्हा दाबाखाली सरकवायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "अजून ओलं आहे."

कसबा पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. तुमच्यापैकी कुणी थिसिस बांधून घ्यायला त्या गल्लीत आलं असेल, तर त्याला नक्की पाहिलं असेल. मे महिन्यातही अंगात दोन शर्ट, बाह्यांवर वाळलेली खळ, आणि तुमच्याकडे न बघता तुमच्याशी बोलणारा. तुम्हाला तो उर्मट वाटला असेल. निम्म्या गिऱ्हाइकांना तो उर्मट वाटायचा आणि उरलेल्या निम्म्यांना मी.

पुस्तकात ओल राहिली असेल तर ती हाताला कळत नाही, गालाला मात्र गार लागते. ही युक्ती माझ्या यजमानांची. ते गेल्यावर मी दुकान एकटीच रेटत होते, तेव्हा तो काम मागायला आला. राहायला लोणी काळभोरला. बसने स्वारगेटला उतरायचा आणि तिथून पेठेपर्यंत चालत यायचा, कारण गर्दीत अडकलेल्या बसमध्ये चहूबाजूंनी वाजणारे हॉर्न त्याला सोसत नसत.

पहिल्याच दिवशी काउंटरपुढे उभा राहून त्याने पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, "मी मुलगा आहे. कागदावर मुलगी लिहिलंय, ते चूक आहे. मला ऑटिझम आहे, ते बरोबर आहे. दोन्ही आधी सांगितलेलं बरं."

मी म्हटलं, "बरं. सुईत दोरा ओवता येतो का?"

"येतो."

"मग उद्या नऊला ये."

"नऊ म्हणजे नऊ, की सव्वानऊ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नऊ म्हणजे नऊ, असं मी तोऱ्यात सांगितलं आणि त्याची शिक्षा पुढची चार वर्षं भोगली. रोज नऊला तो पायरीवर उभा असायचा आणि मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन धापा टाकत यायची.

एकदा पीएच.डी.ची एक मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. "अहो दादा, द्या ना. माझे गाइड गाडीत बसलेत."

"अजून ओलं आहे."

"पण त्यांना काय सांगू मी?"

"सांगा, ओलं आहे."

ती माझ्याकडे वळली. मी आतून उत्तर दिलं, "बाई गं, आमच्याकडे गाइड तेच आहेत." खरं सांगायचं तर ती त्याला आपणहून 'दादा' म्हणाली होती आणि त्या दिवशी त्याने तिच्या थिसिसच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं दोनदा पुसून पुन्हा छापली.

गणपतीचे दहा दिवस त्याचे हाल व्हायचे. कारखान्यातले कामगार कानाला लावतात तसलं जाड कानझाकण त्याने आणलं होतं. ढोल जवळ आले की ते चढवून आतल्या खोलीत पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांमागे बसायचा. आमच्या गल्लीतल्या मंडळींनी त्यावरून चेष्टा केली, तेव्हा मी त्यांना वर्गणी देताना दोन शब्द जास्तीचे दिले.

दुपारी आम्ही समोरासमोर बसून डबा खायचो. त्याच्या डब्यात रोज पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. चार वर्षांत तिसरा पदार्थ मी पाहिला नाही. जेवताना तो बोलायचा नाही, आणि मलाही बोलायला लावायचा नाही. यजमान गेल्यापासून मला एकटीला घास गिळवत नसे. त्या अर्ध्या तासात घास उतरायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

घरी आई होती, पण आपल्यासारखं म्हणावं असं त्याला कुणी नव्हतं, ही गोष्ट मला हळूहळू कळली. कागदावर चुकीचं लिहिलेल्या त्याच्यासारख्या मुलामुलींचा एक गट रविवारी भेटतो म्हणून तो एकदा गेला आणि अर्ध्या तासात परत निघाला. मी विचारलं, काय झालं रे?

"चांगली माणसं आहेत. मला मुलगाच म्हणाले. पण गाणी लावतात, सगळे एकदम बोलतात, मिठ्या मारतात. मला बसवेना."

मग ऑटिझमवाल्यांच्या एका केंद्रात गेला. तिथे शांत होतं. पंखासुद्धा हळू. पण तिथल्या बाईंनी त्याला 'ताई' म्हणत रंगवायला फुलाचं चित्र दिलं.

"जिथे मी मुलगा आहे तिथे आवाज आहे," तो म्हणाला, "आणि जिथे शांत आहे तिथे मी ताई आहे." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. 'पुठ्ठा संपलाय' असं सांगतात तसं सांगितलं.

त्याला शरीर मुलाचं व्हावं म्हणून उपचार सुरू करायचे होते. त्यासाठी मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागणार होती. पहिल्या खेपेला तो आईबरोबर गेला, तर डॉक्टरांनी सगळे प्रश्न आईलाच विचारले. आई बिचारी म्हणाली, "ती अशीच आहे हो, एखादं खूळ डोक्यात घेतलं की सोडत नाय." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं: ऑटिझम असला की माणूस एका गोष्टीवर अडकतो, हेही त्यातलंच असेल.

दुसऱ्या खेपेसाठी त्याने मला विचारलं. आठ दिवस आधी, नियमांसकट.

"तुम्ही शेजारी बसायचं. बोलायचं नाही. मी थांबलो तर तुम्हीही थांबायचं. मला वाक्य जुळवायला वेळ लागतो. फारच वेळ लागला, तर ही वही डॉक्टरांना द्यायची." निळ्या कापडाची छोटी वही होती, त्यानेच शिवलेली.

"फार म्हणजे किती?"

"पाच मिनिटं."

"नक्की पाच?" मी त्याच्यासारखं विचारलं. त्याला हसू आलं. क्वचित यायचं.

"बोलायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? तीस वर्षं संसार केलाय मी," मी म्हटलं.

दवाखान्यातली ट्यूब गुणगुणत होती. माझ्या ते लक्षातही आलं नसतं, पण त्याची मान सारखी तिकडे वळत होती. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी या वेळी त्यालाच विचारलं, "तुला हे कधीपासून वाटतं?"

तो हाताची बोटं गुडघ्यावर एकेक करून टेकवत होता. डॉक्टरांनी पेन उघडलं. भिंतीवरचं घड्याळ. डॉक्टरांनी पेन मिटलं. बाहेर पुढचा पेशंट खाकरला. आयुष्य काउंटरवर गेलेलं, समोरच्याला ताटकळत ठेवलेलं मला बघवत नाही. वही मांडीवरच्या पिशवीत होती आणि मला तिची आठवणसुद्धा झाली नाही.

"लहानपणापासून वाटतं हो डॉक्टर त्याला," मी बोलून गेले. "फार गुणी मुलगा आहे. जरा हळू आहे, इतकंच. सांभाळून घ्या."

त्याची बोटं थांबली. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं: स्वतःविषयी स्वतः सांगता येत नाही, सहा महिन्यांनी घरच्यांना घेऊन यावं.

बाहेर फूटपाथवर तो म्हणाला, "दीड मिनिट झालं होतं. वाक्य झालं होतं माझं. तुम्ही बोलणार नव्हतात."

माफी मागायची सोडून मी त्याच्यावरच खेकसले. "अरे, मग बोलायचं ना पटकन!"

गिऱ्हाईक कितीही रडलं तरी दाबातलं पुस्तक वेळेआधी काढायचं नाही, काढलं की पुठ्ठा वाकतो, हे त्याला शिकवणारी मी. आणि मी दीड मिनिट थांबू शकले नाही.

घरी आल्यावर पिशवीत वही दिसली. दुसऱ्या दिवशी नऊला मी ती त्याच्यापुढे धरली. "चुकलं माझं," असंही म्हटलं. एक रात्र उशिरा, पण म्हटलं.

"हो," तो म्हणाला. वही मात्र घेतली नाही. "राहू दे. ती कालच्यासाठी होती."

त्यानंतरही तो नऊला यायचा, समोर बसून डबा खायचा. रागावलेला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. दोन महिन्यांनी त्याने सांगितलं की बंगळूरला एका छापखान्यात काम मिळालंय, महिनाअखेर जातो. निघायच्या दिवशी दाबातलं शेवटचं पुस्तक त्याने काढलं, गालाला लावलं, आणि माझ्याकडे दिलं. "हे वाळलंय." एवढंच. पोचल्यावर 'पोचलो' असा एक शब्दाचा मेसेज आला. मी त्यावर पानभर लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता नऊला पायरी रिकामी असते आणि दुकान साडेनऊला उघडतं. डबा मी आणत नाही.

वही बरेच दिवस मी उघडली नव्हती. धीर होत नव्हता. परवा काढली, सवयीने आधी गालाला लावली, मग उघडली. डॉक्टर काय काय विचारतील ते प्रश्न त्याने डावीकडे लिहिले होते आणि उजवीकडे उत्तरं. कधीपासून वाटतं? 'सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. तेव्हा शब्द माहीत नव्हता.' ऑटिझममुळे वाटत असेल का? 'ऑटिझममुळे मला आवाज सोसत नाही. मी मुलगा आहे हे मला आवाज नसतानाही माहीत असतं.' अशी सहा-सात पानं, कुठे खाडाखोड नाही. दीड मिनिटात मी काय अडवून ठेवलं ते वाचत गेले.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. सोबत कोण आलं आहे?

समोर लिहिलं होतं, 'आमच्या दुकानातल्या बाई. त्या थांबतात.'