राष्ट्रगीताआधीचं गाणं

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे डॉक्टरसाहेबांनी, माझ्या वडिलांना फसवलं. मला फसवलं असतं तर मी तिथल्या तिथे वसूल केलं असतं, माझा धंदाच तो आहे. पण फसवलं बाबांना, आणि तेही अशी वेळ साधून की मला तोंडही उघडता येऊ नये.

लंडनच्या इल्फर्ड भागात माझं बॅगांचं दुकान आहे. आधी बाजारात एक घडीचं टेबल होतं, मग टपरी, मग दुकान. मंडळातली बाकीची मंडळी हॉस्पिटलातली नाहीतर बँकांच्या ऑफिसांतली. फार हुशार माणसं, पण समोरच्याने भाव सांगितला की ‘थँक यू’ म्हणून मोकळी होणारी. त्यामुळे घासाघीस करायची वेळ आली की सगळ्यांना माझी आठवण येई. एरवी मी खुर्च्या लावण्यापुरता.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट आठवड्याच्या मधे आला होता. इथे स्वातंत्र्यदिनाला सुट्टी नसते, ती का नसते हे विचारण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही तो पुढच्या रविवारी साजरा करतो. हॉल चर्चचा होता आणि भाडं वाढलं होतं. डॉक्टरांचा फोन आला, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार. मी गेलो. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे गोरे आजोबा होते. कार्यक्रम कसला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमचा स्वातंत्र्यदिन. कुणापासून स्वातंत्र्य? तुमच्यापासून, मी म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला, अभिनंदन केलं आणि भाडं तेवढंच राहील असं सांगितलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आजोबांना रविवारी घरी लवकर जायचंय. मग मी आमच्या वेळेतला शेवटचा अर्धा तास त्यांना देऊन टाकला आणि त्या बदल्यात भाडं खाली आणलं. मंडळाने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, तुम्ही राजदूत व्हायला हवं होतं.

माझी अट एकच होती. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. राष्ट्रगीताच्या आधीचं गाणं त्यांचं. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “काकांचं गाणं पक्कं.”

ही जागा मी का मागितली, ते सांगतो. आमच्या कार्यक्रमांत पहिली गाणी रिकाम्या खुर्च्या ऐकतात. लोक येत राहतात, पार्किंग शोधत राहतात, एकमेकांना शाळांचे निकाल विचारत राहतात. पण बटाटेवडे राष्ट्रगीतानंतरच मिळतात, हा मंडळाचा एकमेव नियम आहे जो कुणी मोडलेला नाही. त्यामुळे राष्ट्रगीत जवळ आलं की हॉल भरतो आणि देशप्रेम उतू जाऊ लागतं. त्याच्या आधीची जागा म्हणजे सोनं. त्याच्यानंतर जागाच नाही. राष्ट्रगीत झालं की कार्यक्रम संपला.

ही गोष्ट बाबांनाही चांगली ठाऊक होती, किंबहुना मला ती त्यांच्याकडूनच कळली. बाबा इचलकरंजीला सूतगिरणीत होते. दर पंधरा ऑगस्टला पहाटे ते डफ घेऊन प्रभातफेरी काढत आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणत. गाणं तेच, फक्त शेवटचं कडवं दरवर्षी नवं. आधीच्या कडव्यांत देशाला वंदन, आणि शेवटच्या कडव्यात मागणी. एका वर्षी आमच्या गल्लीला नळ मागितला, एका वर्षी शाळेच्या छपराचे पत्रे. फेरी बरोबर झेंडावंदनाच्या वेळी नगरपालिकेसमोर पोचायची. नगराध्यक्ष झेंड्याची दोरी हातात धरून उभे असायचे आणि गाणं संपेपर्यंत त्यांना हलता यायचं नाही. नळ आला. धंद्यातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं मी त्या दोरीकडे बघून शिकलो.

लंडनसाठीही बाबांनी नवं शेवटचं कडवं केलं होतं. इथे कुणाकडे काय मागणार, असं मी विचारलं तर हसले. घरी सराव करताना त्या कडव्यापाशी येऊन थांबायचे आणि डफ खाली ठेवायचे.

कार्यक्रम नेहमीसारखा उशिरा सुरू झाला. मुलांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले कागद बघत मराठी गाणी म्हटली. डॉक्टरांच्या मुलीचा नाच होता, त्यात सीडी अडकली. नाच पुन्हा पहिल्यापासून झाला, आणि या वेळी डॉक्टर व्हिडिओ घ्यायला पुढे आले. मग त्यांचं भाषण. आधी मराठीत, मग मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत, मग इंग्रजीत राहून गेलेलं पुन्हा मराठीत. देशासाठी त्याग करायला शिका, असं ते तिन्ही वेळा म्हणाले. एवढ्यात गोरे आजोबा किल्ल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले.

बाबा उठले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात डफ. मी माईक त्यांच्या उंचीला आणत होतो. ते स्टेजची पायरी चढले आणि डॉक्टरांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला.

“मंडळी, वेळेअभावी आता थेट राष्ट्रगीत. उभे राहूया.”

मी ‘अहो’ म्हणेपर्यंत पहिला सूर लागला होता.

आता यात काय करायचं ते कुणीतरी मला सांगावं. राष्ट्रगीत चालू असताना भांडता येत नाही, हलताही येत नाही. सावधानमध्ये मुठी वळलेल्याच असतात, त्यामुळे माझं काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. डॉक्टर माझ्या शेजारी डोळे मिटून भलत्याच पट्टीत गात होते. बाबा पायरीवरच थांबले होते, ताठ, डफ मांडीशी धरून. त्यांचा आवाज मात्र बरोबर सुरात होता.

जयघोष झाला आणि हॉल वड्यांकडे वळला. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी सगळ्यांना बसवतो. त्यांनी मान हलवली.

“राष्ट्रगीतानंतर काही म्हणायचं नसतं. तुला माहीत नाही होय?”

मग मी किचनमध्ये डॉक्टरांना गाठलं. ते चटणी वाढून घेत होते.

“हातात हात घेऊन शब्द दिला होतात तुम्ही, डॉक्टर.”

“अहो, तो माणूस किल्ल्या घेऊन उभा होता. मी काय करणार?”

“भाषण आखडतं घ्यायचं. तीनदा केलंत.”

“आता बोलायलाच लावताय म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “शेवटचा अर्धा तास तुम्हीच देऊन आलात ना?”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. हा मुद्दा त्यांनी पुढे प्रत्येक सभेत वापरला, म्हणून माझं उत्तर इथे लिहून ठेवतो. अर्धा तास मी दिला, तो मंडळाच्या संमतीने आणि मंडळाच्या फायद्यासाठी. पण तो कुणाच्या वाट्याचा कापायचा हे डॉक्टरांनी ठरवलं. स्वतःच्या भाषणातला नाही, मुलीच्या दुसऱ्या नाचातला नाही. शिकवण तीनदा देऊन त्यांनी त्याग बाबांकडून करवून घेतला.

हे मी तेव्हा जरा वेगळ्या शब्दांत बोललो. माझ्या हातातली प्लेट आपटली गेली हेही खरं. बाबांनी दारातून हाक मारली नसती तर आणखी काही आपटलं असतं.

गाडीत बाबा म्हणाले, हॉल चांगला होता, वड्यात आलं थोडं जास्त झालं होतं. घरी आल्यावर मी सोफ्यावर बसलो आणि म्हटलं, निदान मला तरी ऐकवा ते कडवं.

“मागणी चारचौघांत करायची असते,” ते म्हणाले. “सोफ्यावर केली तर ती कुरकुर होते. बघू, पुढच्या पंधरा ऑगस्टला.”

बाबा इचलकरंजीला परत गेले. पुढच्या पंधरा ऑगस्टच्या आत त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. फोनवर मी अधूनमधून विचारतो. ते विषय बदलतात, पाऊसपाणी विचारतात. डफ अजून माझ्याकडेच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा आणायला लागू नये म्हणून ते ठेवून गेले होते.

डॉक्टर आता ब्रिस्टलला असतात. तिथल्या मंडळाचेही अध्यक्ष झालेत असं ऐकतो, आणि स्वातंत्र्यदिनाला भाषणही करतात. दर डिसेंबरला ते कोल्हापूरला आपल्या घरी जातात. तिथून इचलकरंजी किती लांब आहे हे त्यांना मी सांगायला नको. जा, डॉक्टर, बाबांसमोर बसा आणि त्यांचं गाणं पक्कं करून ते का गिळलंत, ते त्यांना सांगा. दोरी हातात असताना आमच्या नगराध्यक्षांनी निदान ऐकून घेतलं होतं, आणि नळ दिला होता. तुम्ही काय देताय, डॉक्टर?