टंगस्टनची रेष

सोनपेठच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली तेव्हा मला सोडायला तुम्ही बारा-तेरा जण आला होतात. अप्पांनी त्या दिवशी किराणा दुकान बंद ठेवलं होतं. मायनं विभूतीची पुडी पिशवीत कोंबली. आणि काका, तुम्ही सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणालात, "तिकडं सायेब हायेत. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नको. लय मोठा माणूस हाय."

साहेब म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, युरोपातल्या प्रयोगशाळेत विभागप्रमुख झालेले शास्त्रज्ञ. त्यांनीच मला तिकडं नेलं, असं तुम्ही गावभर सांगितलंत. मी तीन मुलाखती देऊन गेले, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती.

माझं काम काय, हेही कुणी विचारलं नाही. तरी सांगते. सूर्यात अणू जुळतात तसे इथं जुळावेत म्हणून हायड्रोजन कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतात आणि चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात कुठलाच थर्मामीटर टिकत नाही. म्हणून त्यातून निघणारे क्ष-किरण आणि अतिनील किरण फोडून त्यांच्या रेषा वाचायच्या. रेष किती रुंद झाली त्यावरून तापमान कळतं. यंत्राच्या भिंतीतला टंगस्टन आत शिरला, तर त्याच्याही रेषा उमटतात आणि प्लाझ्मा थंड पडायला लागतो.

दुसऱ्या हिवाळ्यात टंगस्टनच्या त्या रेषा मला दिसल्या. प्रयोगागणिक ठळक होत होत्या. मी त्यांचा आलेख काढून साहेबांना पाठवला. चार दिवसांनी अनुदान देणारे पाहुणे यायचे होते. साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"तो आलेख काढून टाक. उपकरणाचा दोष असेल."

"उपकरण तीनदा तपासलंय, सर."

"आपण एका जिल्ह्याचे," ते मराठीत हळूच म्हणाले. "घरातलं घरात ठेवावं."

एरवी ते माझ्याशी मराठीत बोलत नसत. लपवायचं निघालं तेव्हा त्यांना जिल्हा आठवला. मी पाहुण्यांसमोर आलेख दाखवला. माझा करार पुढे वाढला नाही.

नंतर यंत्र उघडलं तेव्हा भिंतीच्या टंगस्टनच्या फरशांच्या कडा वितळलेल्या निघाल्या. साहेबांनी त्यावर शोधनिबंध छापला. आलेख माझा, नाव त्यांचं. त्याच वर्षी परभणीत त्यांचा सत्कार झाला. काका, हार घालताना तुम्ही किती वाकला होतात! तो फोटो मला पाठवून खाली लिहिलंत, "बघ, शिक काही."

शिकले. मोठ्या माणसाच्या सावलीत उभं राहायला मिळालं की तुम्हाला ऊन कुठून येतं ते बघायचं नसतं. तुमची कीव करावी एवढंही मला वाटत नाही. लाज वाटते ती याची, की पहिल्या दिवशी मीही त्यांच्या पाया पडले होते.

आता दुसऱ्या देशात, लहान यंत्रावर आहे. गावाची आठवण येते का, असं इथले मराठी लोक पुरणपोळी खात विचारतात. मी नाही म्हणते. घर म्हणून माझ्याकडे एक फोन उरलाय, नोकरी गेली त्या दुपारी मायला केलेला. तिला त्या रेषांचा स्पेक्ट्रम कळत नाही. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "तू गप बसलीस का?"

"न्हाई, माय."

"मग रडायलीस कशाला? जेवून घे."