काकांचा विसराळूपणा

ड्रेस्डेनच्या आमच्या मराठी मंडळींतले पिस्तूलकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी कोटाकडे. कोणता खिसा ओढला गेलाय, कोणता खांदा उतरलाय, हे त्यांना लांबून दिसे. संगणकाच्या चिपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जात. जन्मानं जर्मन असलेल्या हेल्गाकाकू "अहो, डबा राहिला" म्हणत जिन्यापर्यंत मागे येत.

मला ते पाहुणा म्हणून नेत. टेबलावर दोन शस्त्रं शेजारी ठेवत, जुनं आखूड रिव्हॉल्व्हर आणि नवं चपटं पिस्तूल. कपड्याआड कोणतं लपेल, हा आमचा नेहमीचा वाद. जुन्याचं गोळ्यांचं चाक कोटातून फुगतं, मागचा घोडा अस्तरात अडकतो. नवं सपाट, प्लास्टिकच्या अंगाचं, बाहेर काही अडकायलाच नाही. मी नव्याच्या बाजूचा. काका म्हणत, "जुनं बरगडीला टोचत राहतं, म्हणून माणूस भानावर राहतो. नवं जवळ आहे हेच विसरायला होतं. ते वाईट." मग तुम्ही कोणतं न्याल, असं विचारलं की म्हणत, "जर्मनीत? डबा." इथे शस्त्र न्यायचं ते रिकामं, कुलूपबंद पेटीतून, घर ते क्लब. एवढीच मुभा.

त्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर दोघांनी मला गाठून मारलं. एक दात गेला. पुढच्या शनिवारी क्लबातून निघताना काका रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवत होते, नव्याची पेटी त्यांनी माझ्यावर सोपवली. मी ती रिकामीच बंद केली आणि पिस्तूल जॅकेटात सरकवलं. त्यात गोळी नव्हती. मला नुसता धाक हवा होता.

पार्किंगमध्ये काका थांबले. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ते जर्मनमध्ये म्हणाले, "उजवा खांदा का उतरलाय?"

त्यांनी हात पुढे केला. मी पिस्तूल काढून दिलं, आणि नेमके क्लबचे अध्यक्ष दारातून बाहेर आले. हे उघड्यावर कसं, त्यांनी विचारलं. माझ्याकडे न पाहता काका म्हणाले की पेटीत ठेवायचं विसरलो, वय झालं आता. माझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा कचेरीत होता, आणि काकांना ते माहीत होतं. मी बुटांकडे पाहत राहिलो.

परवाना गेला, दोन्ही शस्त्रं गेली. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांनी ते खरं मानलं. काकूंनी गाडीची किल्ली काढून घेतली, मग शेगडीला हात लावू देईनात. गणपतीला कुणी त्यांना मुद्दाम आजचा वार विचारी. काका हसून बरोबर वार सांगत.

अर्ज मंजूर झाल्यावर मी म्हणालो, काकूंना सांगून टाकतो. काका माझ्याकडे वळले.

"त्या दिवशी मी तुला बोलू दिलं नसतंच. पण तू तोंड उघडतोस का, ते पाहत होतो. आता तुझं तू ठरव."

मी ठरवलं नाही. गेल्या वर्षी काका गेले. अंत्यविधीनंतर काकू मला म्हणाल्या, "शेवटी फार विसराळू झाले होते रे. मी किती रागावले त्यांना." मी मान डोलावली.

काकू मराठी छान बोलतात, पण त्यांना ती वाचता येत नाही. म्हणूनच हे मी लिहू शकलो.