कवळीवाल्या बाईंचा आराम

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला किळस परवडत नाही. दवाखान्यातून येणाऱ्या ठशांना कुणाची लाळ चिकटलेली असते, कुणाचं रक्त, कुणाच्या दुपारच्या जेवणातलं काहीबाही. ते नळाखाली धरायचं आणि कामाला लागायचं. प्लास्टर ओतायचं, त्यात उमटलेल्या हिरड्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी ती गुलाबी हिरडी घासून घासून गुळगुळीत करायची. बाई लग्नाआधीपासून हेच करत होत्या. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, ‘कवळीवाल्या बाई’ म्हटलं की पुरे. गल्लीतले निम्मे म्हातारे त्यांच्याच दातांनी हसायचे, त्यामुळे त्या नावात टिंगल नव्हती.

घरी सासरे होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. अर्धं अंग लुळं पडलं तरी पलंगावर पडल्या पडल्या समोरच्या भिंतीचा गिलावा कुठे चुकलाय ते सांगायचा. त्यांचं अंग पुसणं, लंगोट बदलणं, पाठीच्या जखमांना पावडर लावणं, दाढी करणं, सगळं बाईंकडे. नवरा दारात उभा राहून विचारायचा, “बाबा, बरं आहे ना?” आणि उत्तर यायच्या आत श्वास रोखून निघून जायचा. त्याचं पोट म्हणे कच्चं होतं. नणंद अधूनमधून फळं घेऊन यायची, खिडकीजवळची खुर्ची पकडायची आणि नाकाचा रुमाल काही काढायची नाही. निघताना वर म्हणायची, “वहिनी, तू आहेस म्हणून हो सगळं.”

अशा बहीणभावांनी एक दिवस ठरवलं की वहिनीला आराम हवा.

“मला? कुठे?” बाईंनी विचारलं. हातात तेव्हा सासऱ्यांचं लघवीचं भांडं होतं.

“समुद्रकाठी. मोठं रिसॉर्ट आहे. एकटीने जायचं, स्वतःकडे बघायचं,” नणंद रुमालाआडून म्हणाली. “हल्ली सगळ्या जातात.”

“आणि बाबांचं कोण करणार?”

“मी आहे की,” नवरा म्हणाला.

तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आली नाही. उलट बाईंनी त्याच रात्री बॅग काढली. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा ‘मी आहे’ म्हणाला होता.

रिसॉर्टच्या दारातच त्यांना लिंबाच्या वासाचा ओला टॉवेल मिळाला. तो देणाऱ्या स्वागतिकेचे दात इतके पांढरे होते, की निळे वाटत होते. तिने बाईंचा फोन गोड बोलून काढून घेतला, मखमली पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड आवळलं. इथे आलेल्याने जगापासून सुटका करून घ्यायची असते म्हणाली. हवाच असेल तर मागा, पण शक्यतो मागू नका.

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला होता. सभोवती पाकळ्या. बाई त्या हंसाकडे बघत उभ्या राहिल्या. कुणीतरी बसून त्याला मान काढली होती, चोच काढली होती, आणि आता त्याच टॉवेलने त्यांनी आपलं अंग पुसायचं होतं. त्यांनी त्याला शेपटीला धरून खुर्चीवर टाकला. पाकळ्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात भरल्या, तेव्हा त्यातल्या काही कुजायला लागलेल्या निघाल्या. बोटांना तो चिकट वास दिवसभर राहिला.

जेवणाच्या दालनात तर त्यांना बसवेना. माणसं ताटं रचून आणायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. एका गृहस्थाने केकचं फक्त टोक खाल्लं आणि उरलेल्या तुकड्यात काटा उभा रोवून ठेवला. मलईत बुडालेल्या कोळंब्या, त्यावरच कुणीतरी टाकलेला चुरगळलेला रुमाल. बाईंचा धंदा असा, की समोरचा माणूस चावायला लागला की त्यांना आधी जबडा दिसायचा. चहूबाजूंनी जबडे हलत होते, आणि पोट भरण्यासाठी त्यातला एकही हलत नव्हता. त्या सूप पिऊन उठल्या.

सकाळी वाळूवर क्षमेचा वर्ग होता. पांढऱ्या झग्यातल्या बाया गोल करून बसल्या. मधे बसलेला गुरू अनवाणी होता, पण त्याची नखं कुणाकडून तरी नीट घासून घेतलेली होती. “श्वास आत घ्या,” तो म्हणाला, “आणि ज्यांनी तुमचं घेतलं, त्यांना सोडून द्या.” शेजारची बाई सुंदर रडली, डोळ्यांतलं काजळ जराही न ओघळू देता. आपल्या कुत्र्याला आपण वेळ देत नाही, याचं तिला फार वाईट वाटत होतं. सगळ्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाईंवर पाळी आली.

“तुम्ही कुणाला क्षमा करणार?”

“मला काही आठवत नाही,” बाई म्हणाल्या.

“आत खूप साठलंय,” गुरू इतरांकडे बघून हसला. बाईंना वाटलं, याच्या तोंडात वाळूची मूठ कोंबावी. सकाळचे केर काढणारे लोक लांबवर लाटांनी टाकलेले मेलेले मासे फावड्याने गोणीत भरत होते. वारा फिरला की तो वास वर्गावर यायचा आणि तेवढ्यापुरती सगळ्यांची क्षमा थांबायची. तेवढंच काय ते बाईंना त्या वर्गात आवडलं.

रोज सासऱ्यांना सूप भरवायच्या वेळेला बाई मखमली पिशवी मागायच्या. स्वागतिका तोंड वाकडं न करता वाकडं करायची. नवरा म्हणायचा, “बाबा झोपलेत.” दुसऱ्यांदाही झोपलेले. मग अंघोळ चाललेली. मग पुन्हा झोपलेले.

मग एके दिवशी बाईंना समुद्री शेवाळाचा लेप लावला होता. हिरवा, थंड, शेंबडासारखा. अंगभर थापून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं आणि मालिश करणारी हळू आवाजात सांगत होती की विष बाहेर पडतंय. बाईंना वाटलं, ते बाहेर पडत नसून आत शिरतंय. त्या अर्ध्यावर उठल्या, प्लास्टिक फाडलं, झगा चढवला आणि तशाच हिरव्या तोंडाने फोन मागायला गेल्या.

“झोपलेत,” नवरा म्हणाला.

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण खोकला ऐकायला थांबलोय. सासरे जागे असोत की झोपेत, त्यांचा खोकला घरभर वाजायचा. भिंतीच्या घड्याळासारखी त्याची सवय झालेली. पलीकडे टीव्ही ऐकू येत होता, पंखा ऐकू येत होता, खोकला नव्हता.

“अहो, बाबा कुठे आहेत?”

“अगं, सांगितलं ना—”

“खोकत का नाहीत?”

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग एकदम चढा आवाज, “चांगल्या ठिकाणी ठेवलंय! ताईनेच बघितलं. नर्स आहेत, बाग आहे. तू असतीस तर नेऊ दिलं असतंस का? तुझ्या भल्यासाठीच केलं सगळं.”

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. तो टॉवेलचा हंस, ती मखमली पिशवी, नणंदेचा रुमाल, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. आपल्याला आराम दिला नव्हता, आपल्याला घरातून उचलून बाजूला ठेवलं होतं. त्यांनी फोन परत मखमली पिशवीत टाकला. हिरवा ओघळ मानेवरून झग्यात गेला.

आणि मग जे झालं ते बाईंनी पुढे कधी तोंडाबाहेर काढलं नाही. खोलीत जाऊन त्यांनी लेप धुतला, पलंगावर बसल्या, आणि त्यांना हलकं वाटलं. उद्या पहाटे उठायचं नाही. परवाही नाही. भांडं नाही, पावडर नाही, तो वास नाही. त्यांना सपाटून भूक लागली. त्या जेवायच्या दालनात गेल्या आणि त्याच मलईतल्या कोळंब्या, तोच केक, त्यांनी बोटं चाटून खाल्ला. बाकीचा दिवस समुद्राकडे तोंड करून खुर्चीत पडून काढला. गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा जिभेवर केकचा तुपकट थर होता. आरशात बघवेना. कानामागे हिरवं तसंच राहिलं होतं, नखाने खरवडलं तरी निघेना. बाईंना नवऱ्याचा आला होता त्याहून जास्त संताप स्वतःचा आला. संतापही नव्हे, किळस. आयुष्यभर दुसऱ्यांची लाळ धुतली तेव्हा न आलेली. त्यांनी बॅग भरली. स्वागतिका म्हणाली, “मॅडम, अजून तुमचा गरम दगडांचा मसाज राहिलाय.”

“तो तुम्ही करून घ्या,” बाई म्हणाल्या, फोन परत घेतला, नवऱ्याकडून पत्ता काढला आणि टॅक्सीत बसल्या.

चांगलं ठिकाण म्हणजे एक दुमजली इमारत होती. बाग म्हणजे कुंड्या. आत फिनाईल, त्यावर लिंबाचा फवारा, आणि दोन्हींच्या खाली तो वास, जो बाई डोळे मिटून ओळखायच्या. भिंतीला पाठ लावून म्हातारे टीव्हीसमोर मांडले होते. सासरे शेवटच्या खुर्चीत, अंगाला पट्टा. दाढी वाढलेली. तोंड अर्धवट उघडं आणि ओठ असे पुढे आलेले, जणू कुणी आतून ढकलतंय.

“बाबा.”

ते काहीतरी बोलले. एक अक्षर कळलं नाही. बाईंनी त्यांच्या तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली आणि हातात धरून उजेडाकडे नेली.

ती त्यांनी केलेली नव्हती. सासऱ्यांची नव्हतीच. कुणाच्या तरी मोठ्या जबड्याची, कडेला काळपट थर चढलेली. खाली हिरड्या सोलून निघाल्या होत्या.

“ही कुणाची?”

देखभाल करणारी बाई रबरी हातमोजे चढवत आली. “सगळ्यांच्या एका टबात धुतो हो. बसली म्हणजे झालं.”

बाईंनी ती कवळी तिच्या हातावर ठेवली. समोरच्या खुर्चीत एक धिप्पाड म्हातारा बिस्किट चघळत होता आणि त्याच्या तोंडात एक छोटीशी कवळी लटपटत होती. पुढच्या दोन दातांत बारीकशी फट. सासऱ्यांनी हट्टाने ठेवून घेतलेली, आपण तरुणपणी तशा फटीतून शीळ घालायचो म्हणून. म्हातारा बाईंकडे बघून हसला. ती कवळी बाईंनी मागितली नाही. धुऊन, उकळून, कशीही करून ती परत सासऱ्यांच्या तोंडात घालणं त्यांच्याने झालं नसतं.

सासऱ्यांना आता बोलता आलं. दातांशिवाय त्यांचे शब्द मऊ होऊन पडत होते. “आराम झाला, सूनबाई?”

“मला ठाऊक नव्हतं, बाबा. मला न सांगता—”

“तूच म्हणालीस म्हणे. माझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून समुद्राला गेलीस.”

बाईंनी खुर्चीची कड पकडली. असं सांगून त्यांना इथे आणलं होतं. नवऱ्याने, की नणंदेने, की दोघांनी मिळून? “नाही हो, बाबा. मी असं कध्धी म्हटलं नाही.”

सासऱ्यांनी एक डोळा बारीक करून त्यांच्याकडे बघितलं. भिंतीचा ओळंबा बघावा तसं. “थोडं तरी म्हणाली असशील.”

“मनात,” बाई म्हणाल्या.

“मनात म्हणायचं,” सासरे म्हणाले. “मी पण म्हणतो. आता हा पट्टा सोड.”

घरी दोन्ही भावंडं हजर होती. नणंदेने तोंड उघडायच्या आत बाईंनी तिची पर्स तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. “तुम्ही यापुढे रुमाल न घेता यायचं,” त्या म्हणाल्या, “नाहीतर यायचं नाही.” नणंद बरेच महिने आली नाही.

नवरा कोपऱ्यात उभा होता, चोरीत सापडल्यासारखा. बाईंनी आरडाओरडा केला नाही. तो ऐकायची त्याची तयारी होती. त्यासाठीच तो मान खाली घालून थांबला होता. त्यांनी फक्त भांडं आणि पावडरचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

“सकाळ तुमची.”

“अगं, माझं पोट—”

“बाहेर बादली आहे. ओकून घ्या आणि परत आत या.”

तो खरोखरच ओकला. पहिल्या आठवड्यात रोज. हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवायचा, नाकाला फडकं बांधायचा, श्वास रोखून लाल व्हायचा. सासरे त्याला शिव्या घालायचे, पुसायला धड शिकला नाहीस म्हणून. बाईंना त्याची कीव आली नाही, आणि त्याच्याबद्दलची ती चीड पुरती गेली असंही नाही. पूर्वीसारखं त्याच्या ताटातलं त्या कधी खाऊ शकल्या नाहीत. सासऱ्यांसाठी मात्र त्यांनी नवी कवळी केली.

म्हातारा त्यानंतर दोन हिवाळे काढून आपल्याच खोलीत वारला. त्याआधीच्या एका सकाळची गोष्ट. बाईंना जाग आली ती पलीकडच्या आवाजाने. बापलेकांची जुंपली होती. पाणी कढत आहे की कोमट यावरून. बाप म्हणत होता सोललं, मुलगा म्हणत होता हात घालून बघितलंय. मोजे घालून हात घातल्यावर काय कळणार, असं बाप ओरडला. मग मोजा ओढून काढल्याचा रबरी आवाज.

बाईंनी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि कूस बदलली.