आबांनी कंट्रोलरला वळण लावलं

आमचे सासरे ज्या वस्तूला हात लावतात तिचा बैल होतो. हे मी रागाने म्हणत नाही. रागाने म्हणायचे दिवस माझे केव्हाच संपले, आता मी नुसतं पाहते. घरात नवा फ्रिज आला तेव्हा आबांनी आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली, दार उघडून तोंडात डोकावले आणि दोन पावलं मागे जाऊन अचानक टाळी वाजवली. फ्रिज बुजला नाही, म्हणून तो घरात राहिला. मोटारसायकल घेताना शोरूमवाल्याला त्यांनी ती रिकामी ढकलत न्यायला लावली, कारण बसून कोणीही चालवतो, खरी चाल मोकळ्या अंगाने कळते. फार कशाला, मला पाहायला आले तेव्हा शिक्षण, स्वयंपाक, गोत्र यातलं काही विचारलं नाही. अंगणाच्या पार टोकाच्या माठातून पाणी आणायला सांगितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत माझ्या पायांकडे बघत बसले. मग माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरनी चाल सरळ शे. बठ्ठं जमी जाई." म्हणजे बाकीचं सगळं जमून जाईल. झालं, ठरलं लग्न! मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आले होते, पण ते विचारायची कोणाला गरजच वाटली नाही.

आता यात त्यांचाही फार दोष नाही. पिंपळनेरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे एके काळी कोणाला बैल घ्यायचा असला की आबांना सोबत न्यायची पद्धत होती. आबा बैलाचे दात पाहायचे, भोवरे पाहायचे, मानेखाली हात घालून डोळे मिटून उभे राहायचे, आणि त्यांनी मान हलवली तरच सौदा व्हायचा. मग गावात ट्रॅक्टर आले. एकेक दावण रिकामी झाली, आमचीही झाली, आणि एवढी विद्या शिकलेला माणूस ओट्यावर नुसता बसून राहिला. ती विद्या कुठेतरी खर्च व्हायलाच हवी ना? ती आमच्यावर होते. मला त्याचं वाईटही वाटतं आणि त्यांच्यासोबत बाजारात जायची वेळ आली की डोकंही दुखतं.

गेल्या वर्षी सासूबाईंना लकव्याचा झटका आला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, आम्हीही. झटका मोठा नव्हता, वाचा शाबूत राहिली, पायही लवकर उचलायला लागला, पण डावा हात मात्र मेल्यासारखा पडून राहिला. उपचारासाठी दोघांना आम्ही धुळ्याला आमच्याकडे आणलं. व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं की, हे सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका, बोटं आणि अंगठा हलता राहिला पाहिजे. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. अक्कांनी तो हातात घेतला, पाहिला आणि मॅडमना विचारलं, "मी काय धाकली पोर शे का, चेंडू खेळाले?" चेंडू कपाटाखाली गेला. विनवण्या झाल्या, रागावणं झालं, आबांनी तर एक दिवस जेवण सोडायची धमकी दिली. अक्का म्हणाल्या, सोडा, तेवढीच भाकर वाचेल.

मग एक चमत्कार झाला आणि तोही माझ्या नवऱ्याच्या हातून, हे विशेष. आमच्या ह्यांनी हौसेने एक गेम कन्सोल घेऊन ठेवला होता. चाळिशीचा घोडा, पण सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर मांडी ठोकून तासन् तास शेतीचा खेळ खेळायचा. खऱ्या शेतात कधी वाफा धरला नाही, पडद्यावर मात्र एकरच्या एकर नांगरायचा. एकदा मध्येच फोन आला म्हणून त्याने कंट्रोलर अक्कांच्या मांडीवर ठेवला आणि गॅलरीत गेला. पडद्यावर ट्रॅक्टर अर्धा तास हलला नाही. अक्कांना ते बघवेना. त्या मला म्हणाल्या, "पेरणीना दिनमा ट्रॅक्टर उभं कसाले शे?" मी सांगितलं, डाव्या अंगठ्याखालची ती बुटकी दांडी पुढे ढकलली की चालतो. त्यांनी ढकलली! खाटेवरून हात उचलायला तयार नसलेली बाई, ट्रॅक्टर उभा राहू नये म्हणून दात-ओठ खाऊन अंगठा रेटत होती. त्या दिवसापासून मॅडमनी चेंडूचं नाव काढलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या नवऱ्याने तो कंट्रोलर जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि पापड घेताना कोपराच्या धक्क्याने वरणात पाडला. फोडणीच्या, गरम वरणात! पुसला, वाळवला, तांदळाच्या डब्यात पुरला. उजवीकडची बटणं कशीबशी शुद्धीवर आली, पण डावी दांडी गेली ती गेलीच. अक्कांनी हात पुन्हा पदराखाली घेतला. आठवडा झाला, दुसरा लागला, तरी हात काही पदराबाहेर येईना. कंपनीचा अस्सल कंट्रोलर मागवायचा तर त्या किमतीत शेळी आली असती, आणि औषधपाण्याने आम्ही आधीच टेकीला आलो होतो. तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा, स्वस्त, बिनवायरचा, पण आमच्या कन्सोलला चालणारा बघायचा असं ठरलं. ह्यांनी मोबाइलवर लोकांची मतं वाचायला सुरुवात केली. एक म्हणे उत्तम, दुसरा म्हणे महिन्यात बिघडला, तिसऱ्याला खोकंच रिकामं मिळालं होतं. आबांनी हे दोन दिवस ऐकून घेतलं, मग टोपी घातली आणि जनावर न पाहता सौदा करणाऱ्यांच्या अकलेबद्दल जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. मला म्हणाले, चल.

आग्रा रोडवरच्या एका गल्लीत मोबाइलचं आणि खेळांचं दुकान आहे. चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, माहेर एरंडोलकडचं, ओठ घट्ट मिटून बसणाऱ्या. त्यांनी आमच्या कन्सोलला चालतील असे पाच-सहा कंट्रोलर काचेवर मांडले. आबांनी एकेक उचलून वजन पाहिलं, उलटं केलं, पोटाकडून बोट फिरवलं. एकाला हुंगलंसुद्धा. मग म्हणाले, चालवून दाखवा. बाईंनी मुकाट्याने टीव्हीला जोडून दिला. पहिल्याला हात न लावताच पडद्यावरची गाडी हळूहळू कुंपणाकडे सरकायला लागली. आबांनी तो तिथल्या तिथे बाजूला सारला. "हाऊ ओढाळ शे." दुसऱ्याची दांडी दाबली की गाडी जरा वेळाने निघायची, तो आळशी ठरला, टोचणी लावल्याशिवाय न चालणारा. तिसऱ्यावर लाल-निळे दिवे नाचत होते. आबांच्या मते ज्याला इतकं सजवून आणलं आहे त्याच्यात नक्की काहीतरी खोट आहे. चौथा हातात घेतला आणि गाडी दगडावर आदळताच तो थरथरला. आबांचा चेहरा असा फुलला की मी लग्नानंतर तसा पाहिला नव्हता. माशी बसली तरी अंग थरारतं तोच बैल जातिवंत, असं त्यांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. आणि एवढा वेळ गप्प असलेल्या त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हाऊ बठ्ठासमा गरीब शे. लाथ मारत नही." माझी खात्री झाली की आता आपण हा घेऊनच बाहेर पडणार.

पण किंमत ठरायची होती. खोक्यावर छापलेली होती, ती गोष्ट वेगळी. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, काचेवर पसरला आणि अडले. परक्या बाईचा हात कसा धरायचा? मग दलाल म्हणून मला मध्ये घातलं. मी, उच्च माध्यमिकला गणित शिकवणारी बाई, भर बाजारात रुमालाखाली हात घालून उभी. एका बाजूने आबा माझी बोटं दाबतायत, दुसऱ्या बाजूने मी त्या बाईंची, आणि त्या हसू दाबत माझी. शेवटी बाईंनी थोडं सोडलं, आबांनी थोडं वाढवलं, रुमाल उचलला. बाईंनी बिल देताना सांगितलं की, पसंत नाही पडला तर आठवड्याच्या आत परत आणा, बदलून देईन. आबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी आल्यावर कळलं की आम्ही केवढा घोळ घालून ठेवलाय. दुकानात दांडी पारखली होती ती आबांच्या अंगठ्याने, आणि त्या अंगठ्याने जन्मभर बैलांच्या जुंपण्या आवळल्या आहेत. त्याला ती लोण्यासारखी वाटली. अक्कांचा अंगठा त्या नव्या, ताठ दांडीवर टेकला, घसरला, पुन्हा टेकला, पुन्हा घसरला. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. कंट्रोलर खाटेवर ठेवून अक्कांनी तोंड भिंतीकडे केलं, आणि आबा हातातली टोपी फिरवत उभे राहिले.

मी म्हटलं, आबा, उद्या बदलून आणू, त्या बाई हो म्हणाल्यात. आबा नाही म्हणाले. रुमालाखालचा सौदा मागे घ्यायचा नसतो, जन्मात घेतला नाही, आता घेणार नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सून म्हणून त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. अक्कांचा हात जायची वेळ आली आहे आणि तुम्हाला बाजारातली अब्रू सुचते, असं मी सरळ बोलले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोऱ्हा बी पहिलाच दिन जू लेस का? त्याले वळण लावनं पडस."

आणि त्यांनी वळण लावायला घेतलं. कंट्रोलर बंडीच्या खिशात गेला आणि आबांचा अंगठा त्या दांडीवर. सकाळी चहा पिताना गरागरा, पेपर वाचताना गरागरा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांबरोबर कट्ट्यावर बसले तरी गरागरा. साक्रीला एका लग्नात उजव्या हाताने अक्षता टाकत होते आणि डावा हात खिशात फिरत होता. कोणाच्या तरी दहाव्याला गेले, तिथेही. खिशातली ती हालचाल आणि एकटक लागलेली नजर पाहून लोकांनी अर्थ काढला की, बायकोसाठी आबांनी जप धरलाय. दोन बायका त्यांच्या पाया पडून गेल्या. आबांनी तोंडभर आशीर्वाद दिले आणि अंगठा थांबवला नाही. आठवडा केव्हाच उलटून गेला, तेव्हा परत द्यायचा विषयही संपला. अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथे चिंधी बांधून फिरवणं चालूच. रोज संध्याकाळी अक्कांपुढे कंट्रोलर धरायचे. अक्का अंगठा टेकवायच्या, नाही म्हणून मान हलवायच्या. आबा तो पुन्हा खिशात टाकायचे. माझा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

एका संध्याकाळी दांडी वळली. ट्रॅक्टर निघाला. आम्ही सगळे पडद्याकडे सरकलो, आणि ट्रॅक्टर थोडा पुढे जाऊन आपोआप डावीकडे, थेट विहिरीकडे वळला. इतकी फिरवून फिरवून दांडी सैल झाली होती, ती आता एका अंगाला ओढायला लागली होती. दुकानातला गरीब, निर्व्यसनी बैल आबांनी स्वतःच्या हाताने ओढाळ करून ठेवला होता! माझा नवरा हसायच्या बेतात होता, मी त्याला चिमटा काढला. आबांचं तोंड पाहवत नव्हतं. पण अक्का चिडल्या. पीक तुडवत चाललेल्या त्या ट्रॅक्टरला त्यांनी "आरे मुडद्या, कोठे जास?" म्हणून शिवी हासडली आणि अंगठ्याने त्याला ओढून उजवीकडे आणलं. तो पुन्हा डावीकडे. त्यांनी पुन्हा ओढला. तासभर त्यांची ती मारामारी चालली, कपाळावर घाम आला, पण नांगराचं तास सरळ काढल्याशिवाय बाई उठली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्याबरोबर म्हणाल्या, आणा त्या मुडद्याला.

परवा मॅडम आल्या होत्या. त्यांनी अक्कांचा हात हातात घेऊन पाहिला आणि विचारलं की, एवढा फरक पडलाय, कोणता व्यायाम घेता? एवढं विचारायची खोटी, आबांनी सुरुवात केली. गोऱ्हा कसा निवडावा, जू कसं चढवावं, माझी चाल कशी होती, काहीही सोडलं नाही. मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या. तेव्हा खाटेवर शेजारी बसलेल्या अक्कांनी हात पुढे केला, आबांच्या सदऱ्याची कड मुठीत धरून त्यांना खाली ओढलं आणि म्हणाल्या, "बठा आते."

आबा बसले. मॅडम हसल्या, मीही हसले. कपाचा कान अजून अक्कांना पकडता येत नाही, वेणी घालायला मी लागते, आणि मॅडम म्हणतात की काही गोष्टी आता तशाच राहतील. पण सदरा त्यांनी डाव्या हाताने धरला होता, आणि ते आमच्याआधी आबांच्या लक्षात आलं होतं. गोऱ्ह्याची गोष्ट अर्ध्यावर टाकून ते त्या मुठीकडे बघत राहिले. मॅडम गेल्या, चहाचे कप उचलले, दिवे लागले तरी आबा तिथून उठले नाहीत, कारण अक्कांनी सदरा सोडला नव्हता.