पळस्पेवाल्या टकल्याची फाईल

बावीस वर्षं पनवेलच्या या ऑफिसात फाईल हवी असली की साहेब मलाच हाक मारायचे. आता सगळ्या फायली ऑनलाइन गेल्या आणि हाक मुबीनाला जाते. कालची पोरगी सर्चमध्ये दोन शब्द टाकते, की फाईल हजर. माझा नुसता जळफळाट होतो.

म्हणून गेल्या आठवड्यात एक फाईल अपलोड करताना मी पार्टीचं नाव दिलंच नाही. 'पळस्पेवाला टकल्या' असं लिहिलं. शोध म्हटलं आता.

आज साहेबांनी तीच मागितली. मुबीनाला सापडेना. मी मजेत चहा पीत बसलो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, 'टकल्या' टाइप केलं आणि फाईल उघडली.

"काका, त्यांना दुसरं काही म्हणताना तुम्हाला कधी ऐकलंच नाही," ती हळूच म्हणाली.

साहेब बघायच्या आत तिनं फाईलचं नाव बदललंही. मला त्याचाच जास्त राग आला.