आईची तपासणी

आईने महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं, म्हणून मी तिला आंजीहून वर्ध्याला दवाखान्यात नेलं. तिने यापुढे एकटीने राहू नये, हे डॉक्टरांनी तिला सांगावं, एवढीच अपेक्षा होती. माझं ती ऐकत नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"तुमच्याकडं कॅलेंडर नाई का?"

डॉक्टर हसले. "बरं, सकाळी काय जेवलात?"

"पहिले तुमचं गाव सांगा."

ते समुद्रपूरचे निघाले. "अरे बापा! माही मोठी बहीण तिथंच दिली हाय. तुम्ही कोणाच्या घरचे?"

पुढची दहा मिनिटं डॉक्टरच उत्तरं देत होते. मी गॅसचं सांगितलं, तर आई म्हणाली, "याले लहानपणापासूनच भेव लागते, डॉक्टरसाहेब."

एकाही प्रश्नाचं उत्तर न देता ती पास झाली. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

"आता तं पटलं ना? मले घरी सोडून देजो," बसमध्ये ती म्हणाली.

सोडलं. शेजारणीला दोन्ही वेळच्या डब्याचं सांगितलं आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून माझ्या पिशवीत टाकला.

"काऊन निघाला लगेच?" आई म्हणाली. "बस, चहा मांडते."